ठेका सोडा, शब्द धरा

शाहूवाडीच्या पावसात भातलावणीची गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला गाणं म्हटलं, की ठेका हवाच. आमच्या छोट्याशा चर्चच्या गायनवृंदात सगळी अशीच मंडळी. त्यांना ग्रेगोरियन गायन शिकवायला मी बसलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एका तरुणाने विचारलं, "सर, ठेकाच न्हाई, तर धरायचं काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. हे लॅटिन प्रार्थनागायन पोप पहिले ग्रेगरी यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याला साथ नाही, ताल नाही, सगळे एकाच स्वरात गातात. चार रेघांवर चौकोनी स्वर मांडलेले असतात. पण त्यांत मात्रांचे ठरावीक खंड नसतात. कुठे दोन स्वरांचा गट येतो, कुठे तीनचा. म्हणून टाळी वाजवून मोजायला गेलं, की चाल मोडते.

आमचंही तसंच झालं. मंडळातल्या एका मावशींच्या अंत्यविधीला आम्ही घाईने गायलो. ते चक्क कवायतीसारखं वाटलं. मावशींचा मुलगा नंतर हळूच म्हणाला, "गाणं झालं, पण प्रार्थना न्हाई झाली." ते मला लागलं.

मग मी सुरुवातच बदलली. आधी पेटी बंद. लॅटिन ओळ अर्थ सांगून नुसती वाचायची, गोष्ट सांगावी तशी. मग तीच ओळ एकाच स्वरावर म्हणायची. ती सहज वाहू लागली, की चाल द्यायची.

खरी अडचण जोराची होती. 'डोमिनुस' शब्दात जोर 'डो'वर आहे. लघु-गुरूची सवय असलेला आपला कान जोर म्हणजे लांबी समजतो आणि 'डोऽऽ' असं ताणतो. इथे मात्र तो स्वर ताणायचा नाही, अलगद उचलायचा. लांबवायचं ते वाक्याच्या शेवटी. फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या पुस्तकांत त्यासाठी खुणा आहेत : स्वरापुढे टिंब असेल तर तो दुप्पट, वर आडवी रेघ असेल तर किंचित लांब. बाकीचे स्वर साधारण सारखे. यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दहाव्या शतकातल्या हस्तलिखितांवरून काहीजण अधिक सूक्ष्म चढउतार सुचवतात. पण नवशिक्यांना ही वाट सोपी पडते.

तिसरी गोष्ट श्वासाची. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तर ओळ तुटते. म्हणून लांब ओळीत आळीपाळीने घ्यायचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकत राहायचं. स्वतःपेक्षा शेजाऱ्याचा आवाज जास्त ऐकू आला, तर समजावं, जमतंय.

१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषांना उपासनेत वाट दिली, तरी या गायनाचा मान राखला. आम्हीही मराठी भजनं सोडलेली नाहीत. तिथे ढोलकी आहेच.

मावशींच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला आम्ही तेच गीत पुन्हा गायलो. शेवटचा स्वर विरला आणि क्षणभर कोणी हललं नाही. मुलगा काही बोलला नाही. फक्त हात जोडले. त्या तरुणाला उत्तर मिळालं होतं : ठेका नसेल, तर शब्द धरायचे.