बटाट्याचे मूळ धनी

चाकणच्या बाजारांत कांद्याशेजारीं बटाट्याचीं पोतीं उतरतात. खेड-आंबेगांवकडे तर पावसाळ्यांतही हें पीक घेतात. परंतु आपल्या पूर्वजांस तें ठाऊक नव्हतें. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतल्या शेतकऱ्यांनीं हजारों वर्षांपूर्वीं तें लागवडीस आणलें. पुढें इंका लोकांचें राज्य मक्याबरोबर याच कंदावर पोसलें.

त्यांची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. डोंगरउतारावर दगडी ताली घालून ते शेती करीत व एकाच वावरांत बटाट्याच्या अनेक जाती लावीत. थंडींत बटाटे रात्रीं उघड्यावर गोठवून, दिवसां पायांनीं तुडवून पाणी काढीत आणि उन्हांत वाळवीत. हा 'चुन्यो' वर्षानुवर्षें टिके. सरकारी कोठारांत त्याचा सांठा असे.

स्पॅनिश लोकांनीं १५३२ सालीं इंका राजास कैद केलें. त्यानंतर बटाटा युरोपांत गेला. रीत मात्र मागेंच राहिली. आयर्लंडांत गरिबांचें पोट मुख्यतः एकाच जातीवर होतें. १८४५ सालीं करपा पडला आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगानें मेलीं.

आपल्याकडील बेणें बहुतांशीं पंजाबांतून येतें, आणि पावसाळी हवा करप्यास मानवते. म्हणून सर्व क्षेत्र एका जातीस न देतां, करप्यास दाद न देणारी दुसरी जात निदान चार वाफ्यांत लावून पाहावी, अशी आमची बागाईतदारांस सूचना आहे.