जुन्या मोटारीची परीक्षा

कोंकणांतील पुष्कळ घरांच्या पडवीशेजारीं, पत्र्याच्या अगर झावळ्यांच्या आडोशाला, एखादी जुनी मोटार उभी असलेली दिसते. वडिलांनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी, आजोबांच्या वेळची अँबॅसडर, क्वचित् महिंद्रांची जीप. तिच्यावर घरच्या माणसाप्रमाणें लोभ असतो, दर दसऱ्यास तिला झेंडूची माळ पडते, आणि तिचें इंजिन पहिल्या हांकेस ओ देतें याचा मालकाला केवढा तरी अभिमान वाटतो. अशी गाडी सरकारी तपासणींतून किती भरंवशानें पार पडेल असा प्रश्न निघाला, म्हणजे मालक बहुधा इंजिनाकडे बोट दाखवितो. त्या तपासणींत इंजिनाची परीक्षा मात्र फारशी होतच नाहीं.

ही तपासणी कोणाची व केव्हां होते याविषयींही बराच गैरसमज आहे. इंग्लंडांत १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या मोटारींची दरसाल तपासणी सुरू झाली, आणि पुढें ती तीन वर्षें झालेल्या गाड्यांना लागू झाली. आपल्याकडे तसें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मुदतीचें योग्यता-प्रमाणपत्र सक्तीचें केलें तें भाड्यानें अगर धंद्यासाठीं चालणाऱ्या वाहनांना: एस. टी.ची बस, टॅक्सी, मालाचा ट्रक. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास तें दोन वर्षांचें मिळतें, त्याहून जुन्यास एकाच वर्षाचें. घरगुती मोटारीची नोंदणी आरंभीं पंधरा वर्षें चालते. मग गाडी परिवहन कार्यालयांत नेऊन निरीक्षकाला दाखवावी लागते, आणि नोंदणी पुढें पांच पांच वर्षांनीं वाढते. लोकभाषेंत याला 'पासिंग' म्हणतात. अर्थात् नऊ वर्षांची टॅक्सी दरसाल परीक्षेला बसते, आणि चाळीस वर्षांची घरची गाडी पांच वर्षांतून एकदां. देशावर हें अंतर कदाचित् चालून जाईल. रत्नागिरींत तें फार लांब आहे.

गाडीचें वय पंचांगावरून ठरतें, पण पत्र्याचें वय हवेवरून ठरतें. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास सातशेंच्या आसपास. त्यांतून मांडवी, मिऱ्या, भाट्ये अशा किनाऱ्यालगतच्या वस्तींत वाऱ्याबरोबर समुद्राचें मीठ येतें. मीठ हवेंतला ओलावा ओढून घेतें. म्हणून पाऊस उघडल्यावरही पत्रा पुरता कोरडा होत नाहीं, आणि खारट ओलींत लोखंड गोड्या पाण्यापेक्षां लवकर गंजतें. जांभ्याची तांबडी माती चाकांवरच्या कमानींत थापली जाते व बोळ्यासारखी ओल धरून ठेवते. दारांच्या तळाशीं पाणी वाहून जाण्यासाठीं ठेवलेलीं बारीक भोकें आंब्याफणसाच्या पाल्यानें बुजतात, आणि दार आंतून, कोणाच्या नजरेस न पडतां, कुजूं लागतें. गंजाला मूळ लोखंडापेक्षां जागा अधिक लागते. तो दोन पत्र्यांच्या सांध्यांत फुगतो आणि सांधाच उचकटतो.

येथें गाडीच्या बांधणीकडे पाहिलें पाहिजे. पद्मिनी व अँबॅसडर या गाड्यांना वेगळा सांगाडा नाहीं. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पट्टे आणि खांब मिळूनच गाडीचा कणा होतो. जीप निराळी, तिचें अंग जाड लोखंडी चेसिसवर बसविलेलें असतें, आणि वरचा पत्रा सडला तरी कणा शाबूत राहूं शकतो. पद्मिनीचा तळ सडला म्हणजे कणाच सडला. अशा वेळीं कित्येक मालक पत्रा बदलण्याऐवजीं लांबी भरून वर काळा रंग देतात, आणि गाडी कार्यालयाच्या आवारांत नवरीसारखी नटून उभी राहते. परंतु स्क्रूड्रायव्हरचें टोंक त्या पट्ट्यांत सहज रुतलें, किंवा जॅक चढत गेला आणि गाडी मात्र जागची हलली नाहीं, कीं खरें काय तें कळतें. चांगला मिस्त्री जुनी गाडी घेणाऱ्याला बॉनेट उघडण्याआधीं जमिनीवर निजून खालून पाहावयास सांगतो, तें याच कारणानें.

यानंतर ब्रेक. पद्मिनीच्या चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असतात, आणि पायाचा दाब चाकांपर्यंत नेण्याचें काम ब्रेकचें तेल करतें. हें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. सामान्य प्रतीचें नवें तेल २०५ अंश सेंटिग्रेडच्या आंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १४० अंशांवर उतरते. सपाट आवारांत, थंड गाडीवर, याचा कांहींच पत्ता लागत नाहीं. पाय दाबतांच गाडी थांबते, निरीक्षक समाधानानें मान डोलावतो. पण रत्नागिरीकर कोल्हापुराहून परत येतो तो आंबा घाट उतरून. मुलेंबाळें, बोचकीं, टपावर सामान. पाय सारखा ब्रेकवर. ड्रम तापतो, प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो, तापलेल्या लायनरची पकड कमी होते. त्यांतच पाणी मुरलेलें तेल उकळलें तर नळ्यांत वाफ होते; तेल दबत नाहीं, वाफ दबते, आणि पाय थेट फळीला टेंकतो. कार्यालयाचा शिक्का त्या क्षणीं कागदपत्रांच्या पाकिटांत सुखरूप असतो. ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं बदलणें आणि चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्यें उतरणें, या दोन्ही गोष्टी मालकाच्याच हातच्या आहेत.

दिवे, हॉर्न, वायपर, टायर यांत नापास होणारी गाडी केवळ आळसानें नापास होते. तीं कामें एका दिवसाचीं आहेत. स्टिअरिंगमधली ढिलाई तपासावयास मात्र पुढचें चाक उचलून हलवून पाहावें लागतें. धुराची परीक्षा वाटते तितकी कठीण नाहीं, कारण गाडीला तिच्या काळाच्या मापानें मोजतात: भारत स्टेज दोनच्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, त्या स्टेजच्या गाड्यांना अर्धा टक्का. कार्ब्युरेटर नीट लावलेला असला कीं पुरे.

इंग्लंडांत २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत फारसा फरक न केलेल्या मोटारींना दरसालची तपासणी माफ आहे. अशा गाड्या थोड्या धांवतात आणि मालक त्यांना जपतात, हा त्यामागचा विचार. कोंकणांत हा विचार उलटा पडतो. येथें उभी राहिलेली गाडीच लवकर बिघडते. पावसाळ्याचे चार महिने न हललेल्या मोटारीच्या ब्रेकमधले दट्टे गंजून अडकतात, हँडब्रेकची तार नळींतच धरून बसते, टायरांना एका बाजूस सपाटी येते. आठवड्यांतून दोनदां बाजारापर्यंत जाऊन येणारी गाडी परीक्षेस अधिक भरंवशाची असते.

आतां पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना आणखी एक वाट मोकळी झाली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ घडण कायम असलेल्या मोटारीस 'व्ही. ए.' हीं अक्षरें असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, नूतनीकरणास पांच हजार. 'पद्मिनी' हें नांव १९७४ सालचें, म्हणजे त्या नांवाच्या पहिल्या गाड्या नुकत्याच या पंक्तीस बसूं लागल्या आहेत. परंतु हा मान घेतलेली गाडी प्रदर्शनाला, जुन्या मोटारींच्या फेरीला, दुरुस्तीला अगर पेट्रोल भरावयास तेवढी रस्त्यावर येऊं शकते. रोजच्या वापरास ती चालत नाहीं. संकष्टीला घरच्या मंडळींना घेऊन गणपतीपुळ्यास जावयाचें असेल, तर 'एम. एच. ०८' हाच क्रमांक ठेवावा लागतो, आणि दर पांच वर्षांनीं निरीक्षकासमोर उभें राहावें लागतें.