टोकियो तुडवताना

गॉडझिला समुद्रातून आला, टोकियो तुडवून परत समुद्रात गेला आणि त्याच्या पाठीशी अणुबॉम्बची सावली होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरंही आहे. फक्त आतल्या गोटात त्याचा जन्म एका नाकारलेल्या व्हिसापासून सांगतात. १९५४ साली तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका इंडोनेशियाच्या भागीदारीत एक मोठा चित्रपट जुळवत होते. जपानी फौजांनी युद्धात तिथे काय केलं होतं ते इंडोनेशियन लोक विसरले नव्हते. व्हिसा अडले, चित्रपट बारगळला. तानाका जकार्ताहून विमानाने परतले ते खाली पसरलेल्या समुद्राकडे पाहत. मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीची राख अंगावर घेऊन एक मासेमारी बोट याइझू बंदरात परतली होती आणि वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. विमान उतरेपर्यंत चित्रपटाला नायक मिळाला होता, आणि त्याला व्हिसा लागणार नव्हता.

आता हा प्राणी दिसणार कसा? ट्रिकसीनचे उस्ताद एइजी त्सुबुराया यांच्याकडे काही वर्षांपूर्वीचं एक टिपण तयारच होतं. त्यात हिंदी महासागरात बोटींवर हल्ले करणारा महाकाय ऑक्टोपस होता. तो नामंजूर झाला, डायनासोर ठरला. तो ‘किंग काँग’सारखा, बाहुली एकेका चौकटीला हलवून चित्रित करावा ही त्सुबुरायांची मनापासूनची इच्छा. किती वेळ लागेल? आहे त्या माणसांत आणि साधनांत सात वर्षं, असा हिशेब निघाला. प्रदर्शनाची तारीख होती ३ नोव्हेंबर. तेव्हा ठरलं, माणसाला रबराच्या पोशाखात कोंबायचं. ज्याला पुढे जगाने ‘जपानी शैली’ म्हणून डोक्यावर घेतलं, ती मुळात अशी तारखेपायी केलेली तडजोड होती. ऑक्टोपसचं म्हणाल तर १९६२ च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’मध्ये त्सुबुरायांनी तोही हौसेने आणला, चक्क जिवंत. चित्रीकरण संपल्यावर बाकीचे सोडून दिले आणि एक, असं सांगतात, साहेबांच्या रात्रीच्या जेवणात गेला. नामंजूर टिपणाचा असा सूड फार थोड्यांना घेता येतो.

पहिला पोशाख शंभर किलोंच्या घरात भरला. आत शिरले हारुओ नाकाजिमा. त्याच वर्षी ‘सेव्हन सामुराय’मध्ये ते एक किरकोळ दरोडेखोर म्हणून मेले होते, म्हणजे बढतीच म्हणायची. दहा मीटर चालले आणि थांबले. त्यांचा जोडीदार कात्सुमी तेझुका तीन मीटरच गेला. पोशाख कापून नुसत्या पायांच्या दृश्यांसाठी ठेवला आणि दुसरा हलका बनवला. हलका म्हणजे तीनेक मिनिटांत माणसाला भोवळ यावी इतपतच. भर उन्हाळा, वर स्टुडिओचे दिवे, आणि दृश्य संपलं की पोशाखातला घाम ओतून काढायचा. हालचाल अस्सल वाटावी म्हणून नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात हत्ती-अस्वलं बघत उभे राहत. शहर चिरडणाऱ्या त्या चालीत हत्तीचा डौल दिसत असेल, तर निम्मं श्रेय उष्म्याला द्या.

कुठली इमारत कधी पाडायची, हे ठरवायला दिग्दर्शक इशिरो होंडा आणि मंडळी गिंझातल्या मात्सुझाकाया दुकानाच्या गच्चीवर चढली. ‘इथून आग लावू, मग तिकडे जाऊ’ असली चर्चा पहारेकऱ्याच्या कानावर गेली आणि मंडळी अडवली गेली. कामाचे कागद दाखवून सुटका झाली. पुढे वाको दुकानाचा घड्याळमनोरा पडद्यावर मोडला तेव्हा मालक असे बिथरले की दोन वर्षं तोहोला तिथे चित्रीकरणाला मज्जाव झाला म्हणतात. संसदेची अडचण वेगळीच. इमारत ६५ मीटर, गॉडझिला ५०. बाकीचं शहर १/२५ प्रमाणात बांधलेलं. त्या मापाने संसद राक्षसाहून उंच ठरली असती, म्हणून ती एकटी १/३३ प्रमाणात केली. संसदेला छोटं दाखवल्याची तक्रार मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

खरं तर बंदरं बुडवण्याचा त्सुबुरायांचा सराव जुना. १९४२ साली हवाई आणि मलायातल्या जपानी विजयांवर नौदलाच्या पुढाकाराने चित्रपट निघाला, त्यात पर्ल हार्बर त्यांनी स्टुडिओतल्या पाण्यात उभं केलं. गंमत अशी की नौदल तपशील द्यायलाच तयार नव्हतं. शेवटी वृत्तपत्रातल्या छायाचित्रांवरून मापं काढल्याचं सांगतात. युद्ध संपल्यावर अमेरिकनांना हा पडद्यावरचा हल्ला खरा वाटला, अशी कथा आजही फिरते. तिच्यात मीठमसाला किती ते देव जाणे. पण युद्धपटांच्या कामापायी १९४८ साली त्सुबुरायांना तोहो सोडावी लागली, हे कागदोपत्री आहे. काम चांगलं झाल्याची एवढी महाग पावती दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

अमेरिकेत बाहुलीपटांचे उस्ताद रे हॅरीहाउसेन मात्र गॉडझिलावर चिडून होते. त्यांच्या १९५३ च्या चित्रपटात अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर चढतो. तोहोच्या पहिल्या कामचलाऊ शीर्षकातही त्या चित्रपटाच्या नावासारखीच समुद्राखालची वीस हजारांची खोली होती, तेव्हा त्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांनी बाहुली बोटाबोटाने हलवली होती आणि इकडे एक घामाघूम माणूस पोशाख घालून नाचत होता. माझं मत विचाराल तर कारागिरी हॅरीहाउसेनची सरस, पण भीती वाटते ती नाकाजिमांचीच.

नाकाजिमांनी बारा चित्रपटांत गॉडझिला केला. १९७२ नंतर ते काम थांबलं, तेव्हा तोहोने त्यांची बदली स्टुडिओच्या आवारातल्या कंपनीच्या बोलिंग ॲलीवर केली.