पैलवानाची पारख

१९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ज्यांच्या स्मरणार्थ देतात, ते मामासाहेब मोहोळ मुळशीतल्या मुठा गावचे. तिथल्या एका तालमीत नव्या पोरांची पारख मी पाहिली आहे. भातखाचरात वाढलेल्या पिंडऱ्या कसलेल्या असतातच. वस्ताद बघतात मान, कंबर आणि दम. मग पोराला पुन्हा पुन्हा पाडतात. हसत उठला, तर ठेवून घेतात! आधी काही महिने जोर, बैठका, हौदा खणणे, डाव मागाहून. बापाचा प्रश्न निराळाच: म्हशीचे दूध डेअरीला घालायचे, की पोराला पाजायचे? वाचकहो, नुसते वजन बघून याचे उत्तर देऊ नये. १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक जिंकणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटातले होते!