डेटाची चाळ, नीट लावा यार!

संध्याकाळचे सात. सर्व्हरकडून आलेला जेसन स्क्रीनवर एकाच लांबलचक ओळीत पसरलाय. त्यातून एका कस्टमरचा पत्ता काढायचाय आणि कंस मोजून मोजून डोळ्यांचा भुगा झालाय. ओळखीचं वाटतंय ना?

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि बऱ्याच आवारांत काचेची ऑफिसं उभी राहिली. तिथे बसून आपण जो ‘नेस्टेड डेटा’ हाताळतो, तो लालबागच्या जुन्या पत्त्यासारखाच असतो. चाळीत मजला, मजल्यावर खोली. डब्यात डबा! हा डेटा डोळ्यांना वाचता यावा म्हणून प्रत्येक पातळी नव्या ओळीवर, थोडी आत सरकवून छापायची, याला म्हणतात प्रिटी प्रिंट. असं:

लालबागची चाळ
    पहिला मजला
        खोली ९
    दुसरा मजला
        खोली १२

आता ‘दुसरा मजला’ चार स्पेस आणखी आत ढकला. तो थेट पहिल्या मजल्याच्या पोटात शिरल्यासारखा दिसेल! जेसनमध्ये कोण कुणाच्या आत हे कंस ठरवतात, म्हणून तिथे फसतो तो फक्त आपला डोळा. यॅमलमध्ये मात्र इंडेंटेशन हाच अर्थ. तिथे स्पेस चुकली तर फाइल वाचलीच जात नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाचली जाते, पण खोली भलत्याच मजल्यावर जाते. आणि इंडेंटसाठी टॅब? यॅमलमध्ये चालतच नाही, बॉस.

मराठीची खास गंमत

पायथनमधलं पीप्रिंट घ्या. डेटा एका ओळीत मावला नाही की ते आतल्या गोष्टी बाहेरच्या नावाच्या लांबीनुसार सरकवतं. ‘परळ’ची लांबी तीन, दिसायलाही तीन. सगळं सरळ. पण ‘मुंबई’? म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पायथन पाच मोजतं. उकार बसतो खाली, अनुस्वार वर. ओळीत जागा लागते तिघांचीच! त्यामुळे टर्मिनलवर पुढची ओळ दोन घरं जास्त उजवीकडे जाते. अशी चार-पाच नावं एकात एक आली की प्रत्येकाची चूक पुढच्याच्या खांद्यावर बसते आणि डेटाची शिडी वाकडी होते.

भरीस भर म्हणजे पीप्रिंट नावं आपोआप क्रमाने लावतं. ‘पहिला, दुसरा, तिसरा’ दिलं तर आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला. चाळ उलटी!

मग करायचं काय?

• आत किती सरकायचं हे नावाच्या लांबीवर नको, पातळीवर ठरू द्या. जेसन डम्प्समध्ये ‘इंडेंट’ ला २ किंवा ४ द्या. प्रत्येक पातळी नव्या ओळीवर येते, मग मात्रा-अनुस्वार कितीही असोत.
• तिथेच ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स करा. नाहीतर ‘लालबाग’ च्या जागी सहा सांकेतिक आकड्यांची माळ दिसेल.
• डेटात तारखा असतील तर डम्प्स एरर देतं. ‘डिफॉल्ट’ ला एसटीआर द्या, काम होईल.
• पीप्रिंटच हवं असेल तर ‘सॉर्ट डिक्ट्स’ फॉल्स करा. ही सोय पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे.
• टॅब की स्पेस हे टीमने एकदाच ठरवा आणि ते पाळायचं काम एडिटरवर सोपवा. गो भाषेत हा वाद संपलाच आहे. तिथे गोफम्ट टॅब लावतं आणि कुणी भांडत नाही!

हे सगळं सेट करायला पाच मिनिटं पुरतात. वाकड्या इंडेंटमुळे चुकीच्या मजल्यावर गेलेला बग शोधायला मात्र शेवटची लोकलही निघून जाते.