चारमिनारच्या कमानीतलं अक्षर

मराठवाड्यातलं कुरुंदा गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. इथल्या नाणेसंग्रहाची सुरुवात म्हणूनच हाली सिक्क्यापासून व्हावी. हैदराबादचं हे स्वतःचं चलन. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये.

विसाव्या शतकातल्या हाली रुपयावर चारमिनार आहे. भिंग लावा, कमानीत निजामाच्या नावाचं उर्दू आद्याक्षर दिसेल: निजाम महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’, त्यांच्यानंतरचे निजाम उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन आखूड आहे. तो हाती लागण्यातला आनंद काही औरच! नाण्यावरचं सन मात्र हिजरी.

नाणं चिंचेनं घासू नका. जुनी झाक कायमची जाते. शेतात नाण्यांचं गाडगं सापडलं, तर १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.