आईचा शब्द आणि लशीचं कार्ड

वयाच्या अडतिसाव्या वर्षी आपल्याकडे कुणी गोवराची लस टोचल्याचा दाखला मागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मागितला. विशेष मुलांच्या शिक्षणाचा पुढचा अभ्यासक्रम करण्यासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली. पेढे वाटून झाले आणि आठवड्याभरात एक तक्ता येऊन पडला. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांवरच्या लशीचे दोन डोस कोणत्या तारखांना घेतले ते लिहा, खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का घ्या. त्याशिवाय वर्गात नाव लागणार नाही.

तारखा कुठून आणायच्या? माझा जन्म १९८६ सालचा, देवळाली कॅम्पातला. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. लशी टोचल्या असणारच, पण कुठल्या आणि कधी, ते फक्त आईला ठाऊक. पुण्याहून एस्टीनं नाशिक रोडला उतरले, रिक्षा केली आणि लॅम रोडवरची झाडं दिसल्यावर जरा धीर आला. आईकडे सगळं जपून ठेवलेलं असतं!

आईनं पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली. जुनं रेशनकार्ड निघालं, वडिलांचे पगाराचे कागद निघाले, माझी पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं निघाली. जन्माचा दाखलासुद्धा घडी न मोडता तसाच होता. लशीचं कार्ड तेवढं नव्हतं. मधे दोनदा घर बदललं, एका पावसाळ्यात छत गळलं. तेव्हाच कधीतरी ते गेलं असावं.

"अगं, मी स्वतः तुला कडेवर घेऊन जात होते," आई म्हणाली. "एक डोस चुकवला नाही. एकदा ताप भरला तर रात्रभर मांडीवरून खाली ठेवलं नाही तुला." मग जरा थांबून तिनं विचारलं, "माझा शब्द नाही का चालत त्यांना?"

याला मी काय उत्तर देणार?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी आपुलकीनं चौकशी केली, कपाटं उघडून दाखवली. इतकी जुनी लसीकरणाची रजिस्टरं आता तिथं नव्हती. जन्माची नोंद मात्र मिळते, कारण १९६९ च्या कायद्यानं ती करावीच लागते. लशीचा पुरावा म्हणजे आईच्या हातात दिलेलं कार्ड. ते हरवलं की संपलं.

इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीवरूनच आला. मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि काहींचं डोकं फिरायचं. परदेशी जाण्यासाठी एका कागदाच्या मागे चार दिवस फिरल्यावर त्यांची अवस्था मला नीट कळली.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. तक्ता वाचून ते हसले. "कार्ड सापडलं असतं तरी तुझं काम झालं नसतं," म्हणाले. मी बघतच राहिले. त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे विस्तारित लसीकरण १९७८ मध्ये सुरू झालं. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम टप्प्याटप्प्यानं देशभर गेला आणि त्यात गोवराची लस आली. तीही नवव्या महिन्यात, एकच डोस. गालगुंड आणि रुबेला त्या काळच्या सरकारी यादीतच नव्हते. आणि अमेरिकेच्या नियमात पहिल्या वाढदिवसानंतरचेच डोस धरतात. आपल्याकडे त्या वयात गोवरानं मुलं दगावत, म्हणून वर्षाची वाट पाहणं परवडणारं नव्हतं. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर.

मग उपाय काय? दोन उपाय होते. रक्त तपासायचं. त्या रोगांविरुद्धची प्रतिकारद्रव्यं सापडली तर तोच पुरावा. नाहीतर लस पुन्हा घ्यायची, दोन डोसांमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर ठेवून. आधी घेतलेली असली तरी पुन्हा घेतल्यानं अपाय होत नाही. गरोदर बाईनं मात्र ही लस घ्यायची नसते. क्षयाच्या तपासणीचाही एक रकाना होता. त्यासाठी डॉक्टरांनी माझ्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहिला आणि कातडीखालच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी लिहून दिली, कारण बीसीजीमुळे पहिली चाचणी कधीकधी फसवते.

शेजारी बसलेल्या आईनं नकळत आपल्या दंडावरून हात फिरवला. तिथं देवीच्या लशीचे दोन मोठे वण आहेत. जगातून देवी गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. तिच्या पिढीला पुरावा म्हणून तो दंड पुरत असे.

रक्ताचा अहवाल आला. गोवराची प्रतिकारद्रव्यं होती, गालगुंडाचीही होती. "होणारच," आई म्हणाली. "तिसरीत असताना गालगुंड झालं होतं तुला. सहामाही परीक्षा बुडाली होती." रुबेलाची मात्र नव्हती. तक्त्यात रकाने दोन होते, म्हणून मी दोन्ही डोस घेतले. कागद वेळेत पोचले. नाव लागलं.

तुमच्या घरी लहान मूल असेल तर एवढं कराच. त्याच्या कार्डाची झेरॉक्स काढा, फोनमध्ये फोटो ठेवा, एक प्रत नातेवाइकांकडे द्या. कार्ड हरवलं असेल तर ट्रंका उपसण्यात महिने घालवू नका. सरळ डॉक्टरांकडे जा आणि हाताशी किमान दोन महिने ठेवून जा.

दुसरा डोस मी देवळालीतच घेतला. घरी आल्यावर आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, 'लस – दुसरी' असं लिहिलं. मग कार्ड माझ्या हातातून घेऊन ट्रंकेत ठेवलं.

"फोटो काढला आहे मी," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "आणि रात्री ताप आला तर हाक मार."